मागचा कॅमेरा: स्क्रीनवरच्या रेषांवर किती विसंबावे?

उत्तरायण:

नमस्कार. मी ज्या गाडीवर चालवायला शिकले तिला मागचा कॅमेरा नव्हता. मान वळवून मागच्या काचेतून पाहायचे, बाजूच्या दोन्ही आरशांवर नजर फिरवत राहायचे आणि गाडी हळूहळू मागे घ्यायची, एवढेच मला शिकवले गेले. आता घरात आलेल्या गाडीला कंपनीनेच कॅमेरा आणि सेन्सर बसवलेले आहेत. रिव्हर्स टाकला की स्क्रीनवर मागचे चित्र येते, त्यावर हिरव्या, पिवळ्या आणि लाल रेषा दिसतात आणि स्टिअरिंग फिरवले की त्यांतल्या काही रेषा वाकतात. सोय उत्तम आहे, पण नेमके कधी कुठे पाहावे हे मला उमगलेले नाही, कारण स्क्रीनकडे पाहिले की आरसे सुटतात आणि आरशांकडे पाहिले की स्क्रीन सुटते.

दुसरी शंका रेषांबद्दल आहे. परवा मी गाडी मागे घेत असताना मागे एक मालवाहू ट्रक उभा होता. त्याची चाके पिवळ्या रेषेच्या बरीच पलीकडे दिसत होती, म्हणजे भरपूर जागा होती, तरीही सेन्सर सलग वाजू लागला. थांबून खाली उतरून पाहिले, तर ट्रकच्या मागची आडवी लोखंडी पट्टी माझ्या बंपरच्या अगदी जवळ आलेली होती. जागा सपाट होती, काच स्वच्छ होती आणि उजेडही पुरेसा होता. मग रेषा चुकीच्या बसवल्या आहेत का, की त्या वाचण्याची काही वेगळी रीत आहे?

आणखी एक. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की कॅमेऱ्याची सवय लागली की माणूस मान वळवायला विसरतो. यात कितपत तथ्य आहे?

मोजपट्टी:

तुमच्या रेषा बहुधा बरोबरच आहेत. त्या जमिनीवर आखलेल्या आहेत, आणि ट्रकची पट्टी जमिनीवर नव्हती, एवढाच काय तो घोटाळा आहे.

कॅमेऱ्याला खोली कळत नाही. गाडी सपाट जमिनीवर उभी आहे आणि मागची जमीनही त्याच पातळीत आहे असे गृहीत धरून, बंपरपासून अमुक अंतरावरचा जमिनीचा बिंदू चित्रात कुठे येईल याचे गणित करून त्या रेषा उमटवलेल्या असतात. त्यामुळे जी वस्तू जमिनीला टेकलेली आहे, तिचा टेकलेला बिंदू रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे तुम्हाला बऱ्यापैकी अचूक कळते. जी वस्तू अधांतरी पुढे आलेली आहे तिच्याबाबतीत मात्र रेषा फसवतात, आणि फसवतात त्या नेहमी धोक्याच्या दिशेने, म्हणजे वस्तू आहे त्याहून लांब भासते.

आकड्यांत सांगतो. समजा कॅमेरा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर आहे. ट्रकची पट्टी ६० सेंटिमीटर उंचीवर असून तुमच्यापासून ५० सेंटिमीटर अंतरावर आहे. कॅमेऱ्यापासून त्या पट्टीतून जाणारी सरळ रेषा पुढे वाढवली तर ती जमिनीला १५० सेंटिमीटरवर टेकते. म्हणजे अर्ध्या मीटरवरची पट्टी स्क्रीनवर दीड मीटरच्या खुणेपाशी दिसते. वस्तू कॅमेऱ्याइतकी किंवा त्याहून उंच असेल तर ती रेषा जमिनीला कधीच टेकत नाही आणि मग रंगीत पट्ट्यांना त्या वस्तूपुरता काही अर्थच उरत नाही. उघडे राहिलेले ट्रकचे फाळके, टेकूवर ठेवलेला पाइप, बाहेर झुकलेली फांदी, गाडीबाहेर आलेले सामान ही सगळी याच जातीची संकटे आहेत. सेन्सर आणि रेषा यांचे पटेनासे झाले की ज्याचे म्हणणे अधिक भीतिदायक आहे त्याचेच ऐकावे. तुम्ही थांबून उतरलात, तेच योग्य होते.

रंगांचा अर्थ प्रत्येक गाडीत थोडा वेगळा असतो, म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका पाहावी, आणि त्याहून उत्तम म्हणजे स्वतः मोजावे. मोकळ्या सपाट जागी गाडी उभी करा, बंपरपासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर खडूने आडव्या रेघा मारा आणि त्या स्क्रीनवर कुठे दिसतात ते पाहा. हे काम एकदा केले की लाल रेषा म्हणजे किती हे आयुष्यभर आठवते. वाकणाऱ्या रेषा वेगळ्या: स्टिअरिंग आत्ता जितके फिरवले आहे तितकेच ठेवले तर गाडी कुठून जाईल हे त्या दाखवतात. स्टिअरिंग हलले की त्यांचे भाकीतही बदलते.

जुना चालक:

मी बरीच वर्षे गाडी शिकवतो, त्यामुळे पहिल्या शंकेपुरते लिहितो. नजर कुठे ठेवायची हा प्रश्न गाडी हलण्याच्या आधी आणि हलल्यानंतर असा दोन ठिकाणी वेगळा पडतो, आणि बहुतेक लोक पहिला भाग गाळून टाकतात.

गाडीत बसण्यापूर्वी मागून एक फेरी मारावी. लहान मूल, बसलेले जनावर, पडलेली वीट, उघडे गटार हे सगळे त्या फेरीत दिसते. जवळपास मुले खेळत असतील तर त्यांना कोणा मोठ्याच्या हाती सोपवल्याखेरीज गाडी हलवू नये, कारण मूल धावत येऊन बाजूने आत शिरते आणि कॅमेऱ्यात ते अखेरच्या क्षणी उगवते. मग आत बसून गाणी बंद करावीत, काच थोडी खाली घ्यावी, ब्रेकवर पाय ठेवून रिव्हर्स टाकावा आणि चित्र पूर्ण येईपर्यंत ब्रेक सोडू नये. अमेरिकेत मे २०१८ पासून ४,५३६ किलोपर्यंतच्या नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. त्या नियमाने गाडीमागचा सुमारे ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब पट्टा दिसलाच पाहिजे असे ठरवले आहे, पण चित्र उमटायला २ सेकंदांपर्यंतची मुभाही दिली आहे. रिव्हर्स टाकल्याबरोबर क्लच किंवा ब्रेक सोडणारा माणूस हे दोन सेकंद आंधळेपणाने मागे जातो.

गाडी हलली की स्क्रीनकडे टक लावून पाहू नये. मी शिकवताना असा क्रम सांगतो: आधी दोन्ही खांद्यांवरून मागे, मग स्क्रीन, मग ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा आरसा, मग विरुद्ध बाजूचे पुढचे टोक, आणि पुन्हा स्क्रीन. पुढचे टोक लोक हमखास विसरतात. मागे जाताना मागचा भाग डावीकडे वळवला की गाडीचे नाक उजवीकडे झुलते, आणि शेजारच्या गाडीला किंवा खांबाला घासते ते हेच नाक. मागच्या कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. बाजूने उभी करताना हे विशेष घडते. स्क्रीनवर शेवटचा हातभर भाग साधत असताना माणसाचे सगळे लक्ष मागे असते आणि गाडी पुढून कुरतडली जाते.

वेग माणसाच्या चालीइतकाच असावा. ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तरी पिवळी रेषा तेवढ्यातच संपलेली असते.

तिसरा गिअर:

वरील क्रमाशी मी सहमत आहे, मात्र ज्येष्ठांच्या आक्षेपाशी नाही. आजच्या बऱ्याच गाड्यांची मागची काच इतकी उंच आणि अरुंद असते की मान कितीही वळवली तरी बंपरमागचे काही मीटर दिसतच नाहीत. तिथे बसलेले मूल खांद्यावरून पाहून सापडणार नाही, ते कॅमेऱ्यातच सापडेल. शिवाय मानेचे दुखणे असलेल्या माणसाला पूर्ण वळून पाहणे जमत नाही, आणि त्याला 'मान वळवा' असे सांगून प्रश्न सुटत नाही.

तरीही नुसता कॅमेरा असला म्हणजे काम झाले, असे आकडे सांगत नाहीत. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेच्या अभ्यासात कॅमेऱ्यामुळे मागे जातानाच्या अपघातांत सुमारे १७ टक्के घट आढळली, तर कॅमेरा, सेन्सर आणि आपोआप लागणारा मागचा ब्रेक हे तिन्ही असलेल्या गाड्यांत ती ७८ टक्के होती. मला यातून दिसते ते असे की कॅमेरा चित्र दाखवतो, पण ते योग्य क्षणी पाहण्याचे काम माणसाकडेच राहते.

जुना चालक:

तिसरा गिअर यांचा मुद्दा मान्य आहे. ज्यांना मान वळत नाही त्यांनी बसल्या जागी कमरेतून थोडे वळावे, आरसे जरा बाहेर उघडून बसवावेत आणि प्रत्येक गाडीच्या लांबीगणिक एकदा पूर्ण थांबून पाहावे. माझा आक्षेप फक्त मान अजिबात न हलवणाऱ्यांवर आहे. दोन गाड्यांच्या मधून मागे बाहेर पडताना शेजारच्या गाड्यांनी कॅमेऱ्याची बाजू झाकलेली असते. गाडीचे शेपूट त्यांच्या पुढे जाईपर्यंत आडवी येणारी दुचाकी स्क्रीनवर दिसू शकत नाही, भिंगाचा कोन कितीही रुंद असो. म्हणूनच शक्य तिथे गाडी आत घालतानाच मागून घालावी आणि निघताना नाक पुढे ठेवून निघावे.

वायरिंगवाला:

कंपनीने बसवलेल्या कॅमेऱ्याबद्दल वर भरपूर आले आहे, म्हणून मी नंतर बसवून घेतलेल्या कॅमेऱ्यांबद्दल लिहितो, कारण माझ्याकडे तेच येतात. पहिली गोष्ट म्हणजे चित्राची बाजू. मागचा कॅमेरा चित्र आरशासारखे उलटवून दाखवतो, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाची वस्तू स्क्रीनच्याही डाव्या अंगाला दिसते. काही कॅमेरे पुढे आणि मागे अशा दोन्ही ठिकाणी चालणारे असतात आणि त्यांची एक वायर जोडली किंवा तोडली की चित्र पालटते. ही वायर चुकली तर चालक नेमका उलट्या बाजूला स्टिअरिंग फिरवतो. बसवून घेतल्यावर गाडीच्या डाव्या मागच्या कोपऱ्याजवळ कोणाला तरी उभे करून खात्री करावी आणि मगच गाडी ताब्यात घ्यावी.

दुसरे म्हणजे रेषा. स्वस्त कॅमेऱ्यांत त्या कॅमेऱ्यातच कायमच्या कोरलेल्या असतात आणि तुमच्या गाडीची उंची, रुंदी, कॅमेऱ्याचा कल यांच्याशी त्यांचा संबंध नसतो. अशा रेषांचे अंतर मोजपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे खडूने तपासावे, आणि जुळत नसेल तर रेषा बंद करून नुसते चित्र वापरावे. चुकीच्या रेषेपेक्षा रेषा नसलेली बरी.

भिंग मऊ ओल्या कापडाने पुसावे. धुलाईचा जोरदार फवारा जवळून थेट त्यावर मारू नये, कारण पाणी आत गेले की चित्र कायमचे धुरकट होते. डिकी नीट लागलेली नसेल तर डिकीवरच्या कॅमेऱ्याचा कल बदलतो आणि सगळे अंतर बिघडते. चित्र थिजते असाही एक दोष असतो. गाडी हलते आहे आणि स्क्रीनवर काहीच हलत नाही, असे वाटले की तिथेच थांबावे.

उत्तरायण:

सगळ्यांचे आभार. पट्टीचे गणित कागदावर मांडून पाहिले आणि पटले. शेवटची शंका अशी आहे की आमच्या इमारतीचे वाहनतळ तळघरात आहे आणि तिथे मला उतारावरून मागे येत सपाट जागी शिरावे लागते. चढ-उतारावर या रेषांचे काय होते? आणि डिकी सामानाने भरलेली असताना?

मोजपट्टी:

गाडी आणि मागची जमीन एकाच पातळीत आहेत का, एवढेच पाहायचे. गाडी पूर्णपणे उतारावर असेल आणि मागचा भागही त्याच उताराचा असेल, तर रेषा सपाटीवरच्याइतक्याच खऱ्या असतात. घोटाळा होतो तो उतार जिथे बदलतो तिथे.

तुम्ही उतारावरून मागे खाली येता तेव्हा खालची सपाट जमीन गाडीच्या दृष्टीने वर उचललेली असते, म्हणून वस्तू आहेत त्याहून लांब दिसतात. दर सहा मीटरला एक मीटर असा उतार धरला, कॅमेरा ९० सेंटिमीटरवर धरला आणि सपाटी बंपरपाशीच सुरू होते असे मानले, तर स्क्रीनवरची तीन मीटरची रेषा प्रत्यक्षात दोन मीटरहूनही थोडी कमी भरते, आणि एक मीटरची रेषा सुमारे ८५ सेंटिमीटर. म्हणजे लांबच्या अंतरात चूक मोठी आणि जवळ येताना ती कमी होत जाते. तुमच्या तळघरात हिरव्या रेषेवर भरवसा ठेवून वेग घेऊ नका, एवढे पुरे. उलट, चढावर मागे जात वरच्या सपाटीकडे पोहोचताना जमीन गाडीच्या दृष्टीने खाली जाते आणि वस्तू आहेत त्याहून जवळ वाटतात. त्यात अपाय नाही, फक्त गाडी उगाच लवकर थांबते.

भरलेली डिकी हा पहिलाच प्रकार आहे. मागचा भाग दबला की कॅमेरा खाली झुकतो, जमीन वर आल्यासारखी होते आणि वस्तू लांब भासतात. सामान आणि मागे बसलेली माणसे असताना लाल रेषेच्या आधीच थांबण्याची सवय ठेवावी, आणि तळघरात भिंत असेल तर तिचा माथा न पाहता ती जमिनीला मिळते ती कड पाहावी. अंधारात ती कड दिसेनाशी झाली तर मागच्या दिव्याचा उजेड भिंतीवर पडून लहान आणि प्रखर होत जातो, त्यावरून अंदाज घेता येतो. तरीही खात्री नसेल तेव्हा हँडब्रेक ओढून उतरून पाहावे.