पाच लाखांचा अ‍ॅम्प आणि संध्याकाळचे १७० व्होल्ट

गंजगोलाई (लातूर)
परवा या ऑडिओच्या फोरमवर एका सदस्यानं लिहिलं की, साडेतीन लाखांचा इंटिग्रेटेड (सगळं एकाच पेटीत असलेला, गाणी वाजवायचा) अ‍ॅम्प साडेपाच लाखांना गेला तरी तो स्वस्तच आहे आणि ज्याला फरक ऐकू येत नाही त्यानं ब्लूटूथ स्पीकरवर समाधान मानावं. हे वाचून गप्प बसवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

दरवाढीची कारणं म्हणून तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, रुपया. २०११ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८४. हे खरंच आहे. पण मूळ डॉलरमधल्या किमतीही चढल्या, त्याचं खापर रुपयावर कसं फोडणार? दुसरी, तांबं. मे २०२१ मध्ये ते टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेलं, म्हणजे किलोला दहा डॉलर. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पाच किलो तांबं धरा. सगळं मिळून पन्नास डॉलर! भाव आणखी दुप्पट झाला तरी दोन लाखांची वाढ कुठून निघते? तिसरी, ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला लागलेली आग. डॅकच्या, म्हणजे डिजिटल गाण्याचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या चिपा त्यामुळे मिळेनाशा झाल्या होत्या. ज्या अ‍ॅम्पमध्ये डॅकच नाही त्याचा दर त्यानं का वाढावा?

उलट विद्या स्वस्त झालीय. ब्रूनो पुट्झीस या इंजिनिअरनं आधी फिलिप्समध्ये, मग हायपेक्समध्ये आणि पुढे प्युरिफायमध्ये क्लास डी (कमी वीज खाणारा, कमी तापणारा स्विचिंग अ‍ॅम्प) इतका सुधारला की आवाजातली विकृती मोजायला मोजमापाचं यंत्रच अपुरं पडायला लागलं. तीच मॉड्यूल्स जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत घालून कितीतरी पट दरानं विकतात. पैसे पेटीचे घेतात आणि नाव आवाजाचं सांगतात.

स्वरगंध (छ. संभाजीनगर)
ती पोस्ट माझी. ब्लूटूथचं वाक्य कडक होतं, पण मागे घेत नाही.

तुम्ही तांबं किलोवर मोजलंत, माणसाचे तास मोजलेच नाहीत. वर्षाला काहीशे नग काढणारी कंपनी आणि लाखभर काढणारी कंपनी यांना एकाच तराजूत घालता का? आउटपुट ट्रान्झिस्टर मोजून जोड्या लावाव्या लागतात. तोशिबानं २एसके१७० सारखे जेफेट (स्वतःची खरखर फार कमी असलेले ट्रान्झिस्टर) बनवणं बंद केलं, तेव्हा ज्यांची डिझाइन्स त्यावर उभी होती त्यांना जुना साठा शोधत फिरावं लागलं. हा खर्च कुणी भरायचा?

आणि मोजमापाचं कौतुक पुरे. रात्री दिवे मालवून तानपुरा लावा. जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, तारेवरून सुटून खोलीत पसरते की स्पीकरच्या जाळीलाच चिकटून बसते, ते कानाला कळतं. मला कळतं.

गंजगोलाई
कळतं, तर डोळे बांधून सांगा. १९८५ मध्ये अ‍ॅम्प बनवणाऱ्या बॉब कार्व्हरनं स्टिरिओफाइल मासिकाच्या संपादकांसमोर आपला स्वस्त अ‍ॅम्प त्यांच्या महागड्या अ‍ॅम्पसारखा जुळवून दाखवला होता. ऐकायला बसलेल्यांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. आणि ते रोज हेच काम करणारे कान होते!

स्वरगंध
अर्धीच गोष्ट सांगताय. कार्व्हरनं तो नग तिथं हाताने जुळवला होता. पुढे कारखान्यातून तयार होऊन आलेला अ‍ॅम्प त्याच मासिकानं तपासला, तेव्हा तो तितका जुळला नाही. म्हणजे हाताच्या मेहनतीला किंमत आहे, हे तुमच्याच उदाहरणावरून निघतं.

वायरमन_वसमत
तुमचं सगळं खरं, पण हे पाच लाखाचे अ‍ॅम्प तुम्ही चालवायलाव कशावर? आमच्याकडं संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की २३० व्होल्टच्या जागी १७० येतंय. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पमध्ये आतला डीसी व्होल्टेज त्याच हिशोबानं पडतो आणि पॉवर त्याच्या वर्गानं. म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प ५५ वॅटचा झाला. पैसे पुऱ्या शंभराचे दिले ना? आधी लाइट नीट घ्या, मग जवारी ऐका.

स्वरगंध
शंभरचे पंचावन्न म्हणजे जेमतेम अडीच डेसिबल. घरच्या ऐकण्यात जाणवतही नाही. उगाच घाबरवू नका.

गंजगोलाई
थांबा. अडीच डेसिबल जाणवत नाही हे तुम्हीच म्हणालात. मग ५० वॅटच्या मॉडेलवरून १०० वॅटच्या मॉडेलवर जायला दीड लाख जास्त का मागतात? तिथं मिळतात फक्त तीन डेसिबल. ८८ डेसिबलच्या स्पीकरला एक वॅट दिला तरी मीटरभर अंतरावर ८८ डेसिबल येतात. खोलीत रोजच्या ऐकण्याला दोन-तीन वॅटच्या वर जातं कोण?

स्वरगंध
वॅटबद्दल तुमचं बरोबर आहे. वॅटबद्दलच, बाकी काही मान्य केलेलं नाही.

रसिका_अंबाजोगाई
वायरमन दादांचा मुद्दा कुणी पुढं नेतच नाही. आमच्या गल्लीत न्यूट्रल तुटला तेव्हा टीव्ही, फ्रिजचं कार्ड आणि माझा अ‍ॅम्प एकाच दुपारी गेले. अ‍ॅम्प वॉरंटीत होता. विक्रेता म्हणाला, वीज बाहेरची, वॉरंटीत बसत नाही, मुंबईला पाठवा, भाडं तुमचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि अ‍ॅम्प आला तो पुढची पट्टी वाकून. दर वाढवताना "सेवा" म्हणून सांगतात. ही सेवा मराठवाड्यापर्यंत पोचते का कधी? मला आवाजातला फरक ऐकू येतो, मी स्वरगंध यांच्या बाजूची आहे. पण दर मुंबईचा आणि दुरुस्तीला आम्ही वाऱ्यावर, हे मला मंजूर नाही.

वायरमन_वसमत
ताई, न्यूट्रल तुटला की तुमच्या घरात ४०० च्या जवळपास जाऊ शकतंय, कुठला स्टॅबिलायझर वाचवणार? ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवा मीटरच्या पुढं, बारका असतोय. आन् अर्थिंग बघितलं का? निम्म्या घरात अर्थिंगची वायर बोर्डापाशीच तोडून ठेवलेली असते. मग अ‍ॅम्प गुणगुणतोय म्हणून लोक पन्नास हजाराची पॉवर केबल आणतेत. आधी ती वायर जोडून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी टाका, गुणगुण कमी होऊ शकते.

स्वरगंध
केबलवर घसरू नका. माझ्याकडं आहे तशी केबल.

वायरमन_वसमत
मग खांबापासून तुमच्या घरापर्यंतच्या ॲल्युमिनियमच्या तारेचं काय करणार? ती पण बदलायलाव का?

स्वरगंध
हीच भाषा. चांगलं ऐकणारा माणूस दिसला की मराठवाड्यात त्याला येड्यात काढायचं. मुंबई-पुण्यात असलं कुणी बोलत नाही.

गंजगोलाई
ब्लूटूथवर समाधान माना असं लिहिणाऱ्यानं हे बोलावं? वायरमन काय चुकीचं बोलले ते सांगा. मराठवाड्याला मधे आणू नका.

सोल्डर (नांदेड)
दोघांच्याही विरोधात बोलतो. माझं दुकान आहे, सप्ताहाचे अहुजा अ‍ॅम्प माझ्याकडंच येतात. रात्रंदिवस जनरेटरवर चालून आलेला अ‍ॅम्प मी दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर बदलून त्याच संध्याकाळी परत देतो. वडिलांच्या हातचा जुना कॉस्मिक कंपनीचा अ‍ॅम्प अजून वाजतोय, फक्त फिल्टर कॅपॅसिटर बदलले.

गंजगोलाई, तुमचं ते क्लास डी मॉड्यूल गेलं की मी काय करू? बोर्डावर चिकटवलेले बारके एसएमडी पार्ट, सर्किटची आकृती कंपनी देत नाही, अख्खं कार्ड बदला म्हणते. स्वस्त घेऊन फेकायचं असेल तर तो हिशोब वेगळा. त्याचा एसएमपीएस (ट्रान्सफॉर्मरच्या जागी असलेला स्विचिंग पॉवर सप्लाय) ९० पासून २६५ व्होल्टपर्यंत चालणारा असला तर वसमतच्या १७० वर पुरी पॉवर देतो, हे मात्र मानावं लागेल.

आणि स्वरगंध सर, मध्ये पाच-सहा लाखाचा क्लास ए अ‍ॅम्प उघडला. काम देखणं, वायरिंग सरळ रेषेत. पण हीटसिंकला लागून ८५ डिग्री उष्णता सोसणारे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बसवलेले, सगळे फुगलेले. असला अ‍ॅम्प गाणं चालू असो-नसो, दोनशे वॅट ओढून तापत बसतो. मे महिन्यात ४३ अंशात नांदेडला तो कॅपॅसिटर किती टिकेल? १०५ डिग्रीचा टाकला असता तर शे-दोनशे रुपये जास्त लागले असते. पाच लाखात तेवढे वाचवायचे?

स्वरगंध
८५ डिग्रीचे होते? नक्की?

सोल्डर
फोटो टाकलाय, छापलेलं वाचा.

स्वरगंध
वाचलं. हे समर्थनीय नाही. माझा उघडून बघावा लागेल.

गंजगोलाई
दुरुस्तीचं सोल्डरभाऊंचं पटलं, ते मी मोजलंच नव्हतं. तरी सर्किटची आकृती देणारी आणि पार्ट विकणारी कंपनी असेल तर तिलाच जादा पैसे द्यावेत. बाकीच्यांच्या दरवाढीला माझा विरोध कायम.

रसिका_अंबाजोगाई
वायरमन दादा, तो कटऑफ सिंगल फेजला किती अँपिअरचा घ्यायचा? इन्व्हर्टर पण आहे घरी.

वायरमन_वसमत
मीटरवरचा लोड सांगा आधी. आन् इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळा ओढलाय का तेबी बघून सांगा.