जीन कापसाचं की अंगातलं? दहावीच्या वर्गात अडलेला प्रश्न

विज्ञान_मारेगाव
मी यवतमाळ जिल्ह्यात मारेगावकडे दहावीला विज्ञान शिकवते. मंगळवारी फळ्यावर लिहिलं, "जनुक म्हणजे जीन, डीएनएचा तुकडा." मागच्या बाकावरच्या पोरानं हात वर केला. "म्याडम, जीन तं कापसाचं असते ना?" त्याचे वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मशीनवर आहेत. सध्या वेचणी सुरू आहे, शाळेसमोरून दिवसभर कापसाच्या गाड्या जातात. वर्गात कुणीच हसलं नाही, कारण सगळ्यांच्या घरी जीन म्हणजे तेच. मी "ते वेगळं, हे वेगळं" म्हणून पुढे गेले आणि ते मला रात्रभर खुपत राहिलं. हे दोन शब्द खरंच वेगळे आहेत का? आणि डीएनएचं काम कळायच्या आधी हा शब्द निघाला असेल, तर तेव्हा त्याचा अर्थ काय होता?

निवृत्त_वनस्पतीशास्त्र, हिंगणघाट
ताई, त्या मुलाला शाबासकी द्या. शब्द वेगळे, पण मूळ एक. कापसाचं जीन हे इंजिनचं तुटलेलं रूप. इंजिनच्या मागे लॅटिन 'इन्जेनियम', म्हणजे जन्मजात बुद्धी. अंगातलं जीन ग्रीक 'गेनॉस'वरून, म्हणजे कूळ, वंश. दोन्हींच्या पोटात जो धातू आहे तोच संस्कृतात 'जन्'. जन्म, जनक, जनुक त्यातलेच.

आता जन्मकथा. डार्विननं १८६८ मध्ये 'पॅनजेनेसिस' मांडलं. शरीराच्या प्रत्येक भागातून कण निघून बीजात गोळा होतात, अशी ती कल्पना. ती टिकली नाही. १८८९ मध्ये डच शास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीसनं त्यातून पेशीतल्या कणांसाठी 'पॅनजेन' घेतलं. १९०९ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेननं पुढचं 'पॅन' छाटलं आणि 'जेन' ठेवलं. हा माणूस औषधाच्या दुकानात उमेदवारी करून शिकलेला, विद्यापीठाची पदवी नाही. त्यानं हा शब्द मुद्दाम रिकामा ठेवला. तो कण आहे, रसायन आहे की आणखी काही, यावर तो बोललाच नाही. हिशेबाला लागणारं एकक, एवढंच. मेंडेल तर १८६६ च्या निबंधात नुसतं 'घटक' म्हणाला होता.

मग ज्यानं त्यानं त्या रिकाम्या शब्दात आपापलं भरलं. १९१० नंतर अमेरिकन शास्त्रज्ञ मॉर्गनच्या फळमाश्यांनी जनुकाला गुणसूत्रावर जागा दिली. १९१३ मध्ये त्याचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट यानं पहिला नकाशा काढला. १९४१ मध्ये बुरशीवरच्या प्रयोगांतून बीडल आणि टॅटम म्हणाले, एक जनुक, एक विकर (एन्झाइम). १९५३ नंतर जनुक म्हणजे डीएनएचा पट्टा झाला. १९७७ मध्ये कळलं की तो पट्टाही सलग नसतो, मधले तुकडे गाळून निरोप जोडला जातो. तुमच्या फळ्यावरची व्याख्या चूक नाही, पण ती एका काळाची आहे.

कास्तकार_वणी
सर, आमच्या इकडं बीटी पऱ्हाटी, म्हंजे बीटी कापूस, आली २००२ ले. तवापासून माणसं म्हणतात, "सरकीत जीन टोचलं." मातीतल्या जिवाणूचं जीन काढून पऱ्हाटीत घातलं, बोंडअळी मरते म्हणून. २००६ पासून दोन जीनवालं आलं, त्याले बीजी टू म्हणतात. मंग २०१७ ले गुलाबी अळीनं आमची बोंडं काऊन पोखरली? मी तं दुकानदाराले इचारलं होतं, तो म्हणे, "दोन जीन हायेत, बिनघोर राहा." आमच्यासाठी जीन म्हणजे पाकिटावरची हमी झाली होती.

निवृत्त_वनस्पतीशास्त्र, हिंगणघाट
भाऊ, जनुक कधी हमी नसते. अळीलाही जनुकं असतात. विष पचवणाऱ्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. तुमचं बोलणं पाकिटावर छापलं पाहिजे होतं.

रक्ततपासणी_यवतमाळ
मी सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या एका आजाराच्या, तपासण्या करतो. गावात म्हणतात, "त्या घरात जीन आहे," आणि सोयरीक मोडते. हे ऐकून जीव तुटतो. ते जनुक प्रत्येकाच्या अंगात आहे, त्याशिवाय रक्ताचं हिमोग्लोबिन बनत नाही. फरक डीएनएच्या एका अक्षराचा. त्यानं हिमोग्लोबिनच्या साखळीतला सहावा दुवा बदलतो, बस. ज्याला एक बदललेली प्रत आहे तो वाहक, बहुतेक वेळा ठणठणीत. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी करा म्हणतो, घर वाळीत टाका म्हणत नाही. ताई, वर्गात 'आजाराचं जनुक' म्हणू नका. 'जनुकातला बदल' म्हणा.

विज्ञान_मारेगाव
दादा, हे उद्याच सांगते. माझ्या वर्गातही दोघं वाहक आहेत. सर, योहान्सेननं जनुकाची कल्पना मांडली ती कशावर प्रयोग करून? पोरांना हाताने करून दाखवता येईल का?

निवृत्त_वनस्पतीशास्त्र, हिंगणघाट
घेवड्याच्या दाण्यांवर, १९०३ च्या सुमारास. एका झाडाचेच मोठे आणि बारीक दाणे वेगळे पेरले, तर पुढच्या पिकाच्या दाण्यांचं सरासरी वजन जवळपास सारखंच येई. म्हणजे दिसतं ते एक, वारसा वेगळा. तुम्ही हरभरा घ्या, तोही स्वतःच्याच परागानं फळतो. फक्त दाणे एकाच झाडाचे हवेत.

विज्ञान_मारेगाव
घरी जॅकी ९२१८ वाणाचा हरभरा आहे, पण पोत्यात सगळा मिसळला. मग यंदा शाळेमागच्या तुकड्यात पेरून दहा झाडांना सुतळी बांधते, झाडागणिक घाटे वेगळ्या पिशवीत ठेवते. मोठे-बारीक निवडून पुढच्या वर्षी पेरू. काटा सोनाराकडून मागून आणते. जिनिंगवाल्याच्या पोराला पिशव्यांवर आकडे टाकायचं काम देते.