काऊकॅचरमध्ये गाय सापडत नाही, मग त्याला म्हणायचं काय?

आडवळणी (धागाकर्ता)
आमच्या वाडीत बागांकडे जाणारा रस्ता डांबरी झाला. भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात आणि थेट कलमांत शिरतात. ग्रामसभेला अर्ज द्यायचाय: रस्त्यात आडवा खड्डा खणायचा, त्यावर थोडी थोडी फट ठेवून लोखंडी पाइप टाकायचे. गाडी खडखडत पार होते, जनावर फट बघून थबकतं. कंत्राटदार याला 'काऊकॅचर' म्हणतो. ब्रिटनमध्ये कॅटल ग्रिड, अमेरिकेत कॅटल गार्ड, पश्चिम कॅनडात टेक्सस गेट, न्यूझीलंडात कॅटल स्टॉप. सगळ्यांनी आपापला शब्द केला, आपणच उसना का घ्यायचा? माझा प्रस्ताव: खुरजाळी.

रूळावरचा
उसना तर आहेच, वर चुकीचाही आहे. काऊकॅचर म्हणजे अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनाच्या नाकाला लावलेला लोखंडी फाळ, रुळावरचं जनावर बाजूला ढकलणारा. आपल्या रेल्वेत इंजिनाच्या पुढच्या त्या भागाला 'कॅटल गार्ड' म्हणतात. आणि अमेरिकेत कॅटल गार्ड म्हणजे तुमची ही जमिनीतली जाळी! टोप्यांची सरळ अदलाबदल झालीय.

तरीही माझं मत काऊकॅचरलाच. निविदांमध्ये तोच शब्द असतो, फॅब्रिकेशनवाल्याला तोच कळतो. अर्जात 'खुरजाळी' लिहिलंत तर इस्टिमेट करणारा फोन करून विचारेल, आणि तुम्ही त्याला सांगाल, "अहो, काऊकॅचर."

गडग्यापलीकडची
दोघेही कोकणातले ना? मग 'बेडं' विसरलात? गडग्याला, म्हणजे बागेभोवतीच्या दगडी कुंपणाला, वाट ठेवायची, दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब, त्यात आडवे बांबू सरकवायचे. आजीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: "बेडं घाल गो मागे." आयता शब्द असताना खुरजाळी असली शब्दांची कलमं कशाला बांधायची?

आडवळणी
ताई, बेडं काढावं लागतं, परत घालावं लागतं. रिक्षावाला उतरून काढेल, घालेल का? बेडं उघडं राहतं म्हणून तर हा खटाटोप. वस्तू वेगळी, तर शब्दही वेगळा हवा.

कासरा
शब्दांचं नंतर बघा. बैलगाडी कुठून नेणार? बागेत शिरणाऱ्या गाईला जी फट दिसते ती गाडीच्या बैलालाही दिसते. तो थबकला तर ठीक, मागून हाकलला आणि पाय गेला तर मोडलाच. डोक्यावर भारा घेतलेली बाई, सायकलवरचं पोर, हेही त्याच रस्त्याने जातात. चारचाकीवाल्याला उतरायला नको म्हणून बाकीच्यांनी तारेवरची कसरत करायची?

आमच्याकडे ज्याचं जनावर उनाड, त्याने त्याच्या गळ्यात लोढणं बांधायचं. नाही बांधलं तर जनावर कोंडवाड्यात. १८७१ चा कायदा आहे त्यासाठी. राखायची जबाबदारी मालकाची, रस्त्याची नव्हे.

रूळावरचा
कोंडवाडा आता कुठल्या गावात धड उभा आहे, दाखवा. बऱ्याच ठिकाणी नुसता नावाचा उरलाय.

साता_समुद्रापार
मी इंग्लंडात न्यू फॉरेस्टजवळ राहते. इथे घोडी, गाई रस्त्यावर मोकळ्या फिरतात, गाडीवाल्यानेच थांबायचं. कासरा यांचा मुद्दा इथल्या लोकांनाही सुचला होता. या जाळ्यांसाठी १९५० मध्ये कायदा झाला, त्यात शेजारी फाटकाची सोय करायला सांगितलंय, घोडेस्वार आणि हाकून नेलेली जनावरं जावीत म्हणून.

खड्ड्यात साळूसारखे छोटे काटेरी प्राणी, हेजहॉग, पडून मरायचे. त्यांना चढून बाहेर येता यावं म्हणून उतरणी बांधायची मोहीमच झाली, १९८२ मध्ये त्यांच्यासाठी संस्था निघाली. आणि २००४ मध्ये यॉर्कशरच्या मार्सडेन गावातल्या मेंढ्या पाइपांवरून चक्क लोळत पलीकडे जाऊन लोकांच्या बागा खात असल्याची बातमी आली होती!

शब्दाचं म्हणाल तर आमच्या घरात तो कधीच ठरलाय. मुलं 'खडखड्या' म्हणतात. मागच्या सीटवर झोपलेली असली तरी खडखड्या वाजला की उठून चपला शोधतात.

गडग्यापलीकडची
बघा! जाळीशेजारी फाटक हवंच, म्हणजे बेडं आलंच की.
खडखड्या मात्र छान आहे. खुरजाळी कुणीतरी समितीत बसून केल्यासारखा वाटतो.

आडवळणी
समितीत नाही हो, पडवीत बसून केला. शेजारचं बेडं मान्य, अर्जात घालतो. पण 'खडखड्या बसवून मिळणेबाबत' असं लिहिलं तर ग्रामसेवक हसेल.

रूळावरचा
हसेल, पण लक्षात ठेवेल. नाहीतर कंसात काऊकॅचर टाका.

आणखी एक: अमेरिकेत काही ठिकाणी खड्डा न खणता डांबरावर नुसते पांढरे पट्टे मारतात. गुरांना खोलीचा अंदाज नीट येत नाही, ती पट्ट्यांनाच फटी समजतात. खर्च एका डब्याचा.

कासरा
आमच्या म्हशी त्या पट्ट्यांवर बसून रवंथ करतील. पावसाळ्यात त्यांना कोरडं डांबर हवंच असतं.

आणि शेळ्यांचं काय ठरलं? गडग्यावरून चालणारी शेळी पाइपाला भिणार आहे का?