चंद्राच्या मातीतला ३ मायक्रॉनचा कण: फॉस्फेट की ट्रँक्विलिटाइट?

रेगोलिथप्रेमी
मारिया (चंद्रावरची काळपट बेसॉल्टची मैदानं) भागातल्या चंद्रमातीचा इपॉक्सीत बसवून पॉलिश केलेला माउंट तपासतोय. बेसॉल्टच्या एका तुकड्यात, पायरॉक्सीन (एक सिलिकेट खनिज) आणि इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं ऑक्साइड) यांच्या मधल्या काचेत, साधारण ३ × ६ मायक्रॉनचा सुईसारखा कण आहे. बीएसई चित्रात (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र, ज्यात जड मूलद्रव्यं उजळ दिसतात) तो इल्मेनाइटपेक्षा किंचित उजळ दिसतो. १५ केव्हीवर (इलेक्ट्रॉन किरणाचं व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये) ईडीएस (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखणं) घेतलं तर लोह, टायटॅनियम, सिलिकॉन, जरासं कॅल्शियम आणि २.०३ केईव्हीजवळ (क्ष-किरणाची ऊर्जा, किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये) ठसठशीत शिखर. सॉफ्टवेअर त्याला फॉस्फरस म्हणतं. चीनच्या छांग-अ ५ यानाने आणलेल्या मातीतलं चेंजसाइट-वाय हे नवं फॉस्फेट २०२२ मध्ये जाहीर झालं, त्याच जातीचं काही असेल का?

कणशोधक
सॉफ्टवेअरने लावलेलं नाव आधी पुसून टाका. फॉस्फरसची के-अल्फा रेषा (रेषा म्हणजे मूलद्रव्याचं ठरावीक ऊर्जेचं क्ष-किरण शिखर) २.०१ केईव्हीला, झिर्कोनियमची एल-अल्फा २.०४ ला. अंतर जेमतेम ३० ईव्ही, आणि ईडीएस डिटेक्टरला त्या भागात एवढं बारीक वेगळं दिसतच नाही.

आता कॅल्शियमकडे पाहा. चंद्रावरची नेहमीची फॉस्फेटं म्हणजे अ‍ॅपटाइट आणि मेरिलाइट. चेंजसाइट-वायसुद्धा मेरिलाइटच्याच गटातलं. या सगळ्यांत कॅल्शियम भरपूर असतं, ऑक्साइडच्या हिशेबात वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा वर. तुमच्याकडे ते 'जरासं' आहे, आणि तेवढं शेजारच्या पायरॉक्सीनमधूनही येऊ शकतं, कारण १५ केव्हीला क्ष-किरण १-२ मायक्रॉनच्या परिसरातून येतात. शिवाय अ‍ॅपटाइट इल्मेनाइटपेक्षा स्पष्ट काळपट दिसतं.

लोह, टायटॅनियम, सिलिकॉन आणि झिर्कोनियम एकत्र, तेही बेसॉल्टच्या सर्वांत शेवटी गोठलेल्या भागात, म्हणजे माझा कौल ट्रँक्विलिटाइटला, याच चार मूलद्रव्यांच्या सिलिकेट खनिजाला. पारगामी प्रकाशात ते गडद तांबूस-तपकिरी, अर्धपारदर्शक दिसतं.

झिर्कॉन_४०
वरच्याशी सहमत, पण एक गोष्ट आधी सांगा: नमुन्यावरचं वीजवाहक कोटिंग कशाचं आहे? प्लॅटिनमची एम-अल्फा रेषा २.०५ केईव्हीला येते, म्हणजे नेमकी याच जागी. शेजारच्या इल्मेनाइटवर तितकाच वेळ स्पेक्ट्रम घ्या. तिथेही शिखर उठलं तर तेवढा वाटा कोटिंगचा.

रेगोलिथप्रेमी
कोटिंग प्लॅटिनमचंच आहे. इल्मेनाइटवरही छोटं शिखर येतं, पण कणावर त्याच्या पाच-सहा पट उंच.

झिर्कॉन_४०
मग कणात खरोखर काहीतरी आहे. तरी प्लॅटिनम काढाच, नाहीतर परिमाणात्मक आकडे बिघडतील. पाव मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टने मऊ कापडावर काही सेकंद हलका हात फिरवला की पुरे. जास्त घासलंत तर सुई उखडून निघेल. पेस्ट आणि धुण्याचा द्रव बिनपाण्याचा हवा: चंद्रमातीत धातुरूप लोह असतं आणि पाण्याने ते गंजतं. कोलॉइडल सिलिका टाळा. ती भेगांत अडकते आणि सिलिकॉनचा आकडा फुगवते.

प्लॅटिनम निघाल्यावर, त्याच्या जागी कार्बन चढवण्याआधीच रामन (लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणं) उरकून घ्या. कार्बनचा थर स्वतःचे १३५० आणि १५९० जवळचे रुंद पट्टे घुसडतो. मेरिलाइट असेल तर ९५७ आणि ९७३ प्रति सेंमी जवळ जोडशिखर येतं, अ‍ॅपटाइटचं ९६० ते ९६५ च्या आसपास एकच. यापैकी काहीच नसेल तर फॉस्फेटची शक्यता जवळपास संपली. लेझर मंद ठेवा, गडद कण लगेच तापतो. इपॉक्सीचा रामन वेगळा घेऊन ठेवा, नाहीतर तिचीच शिखरं खनिजाच्या नावावर खपतात.

कणशोधक
मग २० नॅनोमीटर कार्बन चढवा आणि ईपीएमएवर (अचूक टक्केवारी मोजणारा इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब) जा. त्यातल्या पीईटी स्फटिकावर (क्ष-किरण तरंगलांबीनुसार वेगळे करणारा) झिर्कोनियम आणि फॉस्फरस सुटे दिसतात. यिट्रियम मोजताना सांभाळा: त्याची एल-बीटा २.०० केईव्हीला फॉस्फरसच्या अंगावर येते, तेव्हा फॉस्फरसच्या आकड्याला त्याची दुरुस्ती लावावी लागते. १५ केव्ही, २० नॅनोअँपिअर, किरण शक्य तितका बारीक, बिंदू कणाच्या मध्यावर. सगळ्या ऑक्साइडांची बेरीज ९८.५ ते १०१ टक्क्यांत हवी. ट्रँक्विलिटाइट असेल तर २४ ऑक्सिजनवर अणूंचा हिशेब केला की लोह ८, झिर्कोनियम अधिक यिट्रियम २, टायटॅनियम ३, सिलिकॉन ३ यांच्या जवळ यायला पाहिजे. सिलिकॉन जास्त आणि अ‍ॅल्युमिनियमही दिसत असेल तर काच मिसळली आहे, तो बिंदू सोडून द्या.

ईपीएमए मिळेपर्यंत ईडीएसवरच २५-३० केव्हीला १५.८ केईव्हीची झिर्कोनियमची के-अल्फा पाहता येईल. २० केव्ही पुरत नाही, कारण ती रेषा उठायलाच १८ लागतात. यातून फक्त 'आहे की नाही' कळेल, टक्केवारी काढू नका.

स्फटिकमित्र
रासायनिक सूत्र जुळलं तरी स्फटिकरचना उरतेच. बॅडेलेइट किंवा झिर्कोनोलाइटचा (दोन्ही झिर्कोनियमची खनिजं) बारीक कण इल्मेनाइट आणि काचेला चिकटलेला असला तर मिश्र स्पेक्ट्रम असाच दिसू शकतो. त्यामुळे ५ केव्हीच्या बीएसई चित्रात कण आतून एकसंध आहे का ते बघा. तिथे ठिपके किंवा पट्टे दिसले तर वरचं सूत्र निरर्थक. एकसंध असेल तर ईबीएसडी (परतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनावरून स्फटिकरचना ओळखणं) करून पाहा. तेही जमलं नाही तर एफआयबीने (बारीक आयन किरणाने) पातळ काप काढून टीईएमखाली (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) विवर्तन, पण ते सगळ्यात शेवटी, कारण त्यात कण खर्ची पडतो.