कमी बजेट: नवा कॉम्पॅक्ट कॅमेरा की वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा)?

प्रश्न: फोटो मुख्यतः घरात, रात्रीच्या उजेडात काढायचे आहेत. २० मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट पुरेल का?

उत्तर १: मेगापिक्सेल विसरा, सेन्सर (उजेड टिपणारी चिप) बघा. स्वस्त कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिमी, एपीएस-सी (सेन्सरचा एक ठरलेला आकार) डीएसएलआरचा सुमारे २३.५ × १५.६ मिमी. क्षेत्रफळ साधारण १३ पट, म्हणून कमी उजेडात फोटो बरे येतात! वापरलेला डीएसएलआरच घ्या.

उत्तर २: पण किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम लेन्सवर) थांबू नका. ५५ मिमीला ती एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) जवळपास दहापट उजेड घेते. खोलीत ५० मिमी अडचणीची, १.५ क्रॉपमुळे (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान असल्याने) ७५ सारखी, म्हणजे जास्त जवळची दिसते. ३५ बरी. निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकांत फोकस मोटर नाही, त्यामुळे आत मोटर असलेली एएफ-एस लेन्स घ्या (एएफ-पी या मालिकांतल्या जुन्या मॉडेलांवर आपोआप फोकस करत नाही), नाहीतर हाताने फोकस करत बसाल.

उत्तर ३: घेण्याआधी एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम आउट-ऑफ-फोकस फोटो काढा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ होते. लेन्समधून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर मात्र सरळ नको म्हणा. शटर काउंटही (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारा.

प्रश्नकर्ता: ३५ एफ/१.८ शोधतो. आभार!