'व्हाइट टायगर': दलदलीतून रणगाडा येतो, तर येऊ द्या ना!

खंदकवीर:
काल इथेच एका सद्गृहस्थांनी 'व्हाइट टायगर' या दुसऱ्या महायुद्धावरच्या रशियन सिनेमाची (२०१२, दिग्दर्शक कारेन शाहनाझारोव) एका वाक्यात वासलात लावली. म्हणे, "चांगल्या युद्धपटात भुताटकी घुसडून माती केली, जर्मन टायगर रणगाडा दलदलीतून कसा येईल?" रात्रभर डोक्यात तेच, म्हणून सविस्तर लिहितोय.

खरा टायगर ५७ टनांचा. १९४२च्या उन्हाळ्याअखेरीस लेनिनग्राडजवळ म्गाच्या भागात पहिल्यांदा उतरवला, तेव्हा गिअरबॉक्सनी मान टाकली. पुढे एक तर असा रुतला की जर्मनांनी स्वतःच तो उडवून दिला. सिनेमातला पांढरा टायगर, म्हणजे तो भुताचा रणगाडा, तसल्याच चिखलातून आरामात ये-जा करतो. हे अज्ञान वाटतं तुम्हाला? समोर आलेला प्रत्येक जर्मन रणगाडा टायगरच आहे असं वाटण्याइतकी दहशत होती तेव्हा. त्या दहशतीला इथे पोलादाचं अंग दिलंय.

सिनेमाचा नायक नायदेनोव जळक्या टी-३४मधून, म्हणजे सोव्हिएत रणगाड्यातून निघतो, ९० टक्के भाजलेला. जगतो, नाव-गाव विसरतो, रणगाड्यांचं बोलणं मात्र त्याला ऐकू येतं. आणि दाखवलंय कसं? लष्करी चौकशीसारखं, कोरडं. मेजर फेदोतोवसारखा हेरखात्यातला माणूस हळूहळू त्याच्यावर विश्वास ठेवू लागतो, खरा सिनेमा तिथे आहे. भूत काढून टाका, मग उरतं काय? पाठलाग.

रोखठोक:
सद्गृहस्थ हजर आहे. अहो, २ कोटी ७० लाख सोव्हिएत माणसं मेली त्या युद्धात. त्याची भीती दाखवायला भूत लागतं? क्लिमोवचा 'कम अँड सी' (१९८५) बघा. बेलारूसमधलं जळणारं गाव आणि त्या पोराचा चेहरा, बस्स. तुमचा नायक गुडघे टेकून रणगाड्यांच्या देवाची प्रार्थना करतो तेव्हा मी फिस्सकन हसलो.

नगरी_पाव्हणा:
हसलात? माझे वडील टी-५५ रणगाड्याचे ड्रायव्हर, नगरला शिकलेले. दसऱ्याला रणगाड्याला झेंडूचा हार, नळीला कुंकू, पुढे नारळ. 'आमची म्हातारी' म्हणायचे त्याला. कोणी बूट आपटत वर चढलं की शिव्या खायचं. पोलादी डब्यात बसून दिवस काढले असते म्हणजे हसू आलं नसतं.

रोखठोक:
झालं! रशियन सिनेमावरून थेट खंडेनवमीवर. कुंकवाने इंजिन सुधारतं का हो? ही अंधश्रद्धा फौजेत असली म्हणून पवित्र होत नाही.

नगरी_पाव्हणा:
आधी ग्रीस, मग हार. वडील रात्री दोनलाही ट्रॅकची पिन बदलायचे, देवावर सोडून झोपायचे नाहीत. तुम्ही नवी गाडी शोरूममधून काढताना चाकाखाली लिंबू ठेवलं नव्हतं? खरं सांगा.

रोखठोक:
ते आईने ठेवलं. आणि वैयक्तिक होऊ नका.

कोरा_कागद:
माझ्या काकांच्या कारखान्यात लेथची पूजा होते आणि त्याच दिवशी बोनस मिळतो. मी पूजेच्या बाजूने.

सई_सदाशिव:
लिंबू पिळून झालं असेल तर सिनेमावर येऊ का? भूत मला चालतं. खटकतो तो शेवट. बर्लिनच्या कार्लशोर्स्टला जर्मन फील्ड मार्शल कायटेल शरणागतीवर सही करतो, मग ते जर्मन अधिकारी स्ट्रॉबेरी खात बसतात, इथपर्यंत उत्कृष्ट. त्यानंतर शेकोटीपाशी हिटलर एका अंधारातल्या पाहुण्याला ऐकवतो की आम्ही फक्त युरोपच्या मनातलं केलं, युद्ध हीच माणसाची मूळ अवस्था. शेवटचा शब्द त्याला का? युद्ध हवापाण्यासारखं कायमचं ठरवलं की ते सुरू करणारे सगळे सुटले. आणि हेच शाहनाझारोव २०१४मध्ये क्रिमियाबाबत पुतिनला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर सही करतात! १९९८पासून मोसफिल्म या सरकारी स्टुडिओचे प्रमुख आहेत, कोवळं पोर नव्हे.

खंदकवीर:
सही २०१४ची, सिनेमा २०१२चा. आणि मूळ कादंबरी इल्या बोयाशोवची.

सई_सदाशिव:
तारखा मलाही वाचता येतात. त्या वाक्याला पडद्यावर कोणी उत्तर देतं का, एवढंच सांगा.

खंदकवीर:
देतो की! फेदोतोव सांगतो युद्ध संपलं, तर नायदेनोव म्हणतो, तो वाघ जळेपर्यंत नाही, वीस वर्षं, पन्नास, कदाचित शंभर वर्षं दबा धरून बसेल. नायदेनोवला युद्ध हवंय असं नाही, त्याला पहारा करायचाय.

सई_सदाशिव:
पण हा प्रसंग आधी येतो, हिटलर नंतर. शेवटी बोलतो तोच लक्षात राहतो. शिवाय 'शत्रू अजून मेलेला नाही, फक्त लपलाय' हे पहारेकरीही म्हणतो आणि हल्ला करणाराही. मॉस्कोत आज ते कोण म्हणतंय, बघा जरा.

रोखठोक:
सईताई, पहिल्यांदाच या धाग्यावर कामाचं ऐकलं. खंदकवीर, दलदलीचे मार्क तुम्हाला दिले, फ्रेम करून लावा. पण भूत आणलं की कोणाला जाब विचारायचा हा प्रश्नच उरत नाही. माझी तक्रार तीच होती, मला नीट मांडता आली नाही एवढंच.

खंदकवीर:
तुम्ही "माती केली" एवढंच मांडलं होतंत. शेकोटीचा प्रवेश कापला असता तर बरं झालं असतं, चला, एवढं देतो. दलदल मात्र सोडणार नाही.

नगरी_पाव्हणा:
आणि लिंबाचं काय?