जपानी गाण्यांची यादी : 'क-वर्ग', 'कची ओळ' की आणखी काही?

शेवंती
एक अडचण आहे. आमच्या जपानीच्या वर्गातली मंडळी (पुणे, बहुतेक सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे) महिन्यातून एकदा जमून जपानी गाणी म्हणतात. साठ-सत्तर गाणी देवनागरीत उतरवून त्यांची वही करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सेन्सेईंची (आमच्या जपानीच्या बाईंची) अट एकच, क्रम जपानी हवा. म्हणजे शीर्षकाचं पहिलं अक्षर पाहून आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असे दहा भाग. तिकडे या भागाला 'ग्यो' म्हणतात, म्हणजे ओळ.

मी मथळे दिले 'क-वर्ग', 'त-वर्ग' वगैरे. आमच्यातले एक काका संस्कृतचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "अहो, क-वर्ग म्हणजे क ख ग घ ङ. तुमच्या भागात तर का, कि, कु, के, को आहेत." बरोबर आहे त्यांचं. पण 'कची ओळ' लिहिलं की बालवाडीच्या भिंतीवरचा तक्ता वाटतो. काय लिहू?

पानसुपारी
कची बाराखडी. संपलं.

शेवंती
पण आहेत पाचच. आ इ उ ए ओ, एवढेच स्वर.

पानसुपारी
मग पाचखडी.

जुनाट
हे असले शब्द पाडू नयेत. बाराखडीतली 'खडी' हा सुटा शब्द नाही. द्वादशाक्षरी, बारा अक्षरी, बाराखडी असा तो घासत आलेला आहे. त्यातून 'खडी' उचकटून पाचाला चिकटवणं म्हणजे रस्त्याच्या कामाची मागणी नोंदवणं.

मधलीसुट्टी
आमच्या बाई सांगायच्या, खडी म्हणजे खडू. पाटीवर खडूने बारा वेळा गिरवायचं ती बाराखडी.

जुनाट
बाईंना नमस्कार सांगा. व्युत्पत्ती चूक आहे.

मधलीसुट्टी
बाई जाऊन वीस वर्षं झाली. पण चूक असली तरी लक्षात राहते, तुमची बरोबर असूनही राहणार नाही.

बिवाकाठचा
जपानमधल्या ओत्सूहून लिहितोय. काकांचं बरोबर असलं तरी 'वर्ग' अगदीच चूक नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

जपानी तक्त्याला गोजूओन म्हणतात, 'पन्नास ध्वनी'. आज प्रत्यक्षात ४६ आहेत. 'या'च्या ओळीत तीन, 'वा'च्या ओळीत दोन आणि शेवटी एकटा न्. पण क्रम बघा: क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? हा आपलाच क्रम आहे. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकत, त्यांच्याबरोबर तो तिकडे गेला. 'स' मध्येच कुठून आला? कारण तो उच्चार जुन्या काळी चकडे झुकणारा होता असं मानतात, म्हणून तो चच्या जागी बसलाय. 'ह' जुना प आहे. अजूनही हला दोन टिंबं दिली की ब होतो आणि बारीक गोल दिला की प. आता परत वाचा: क, च, त, न, प, म, य, र, व. तनंतर न, पनंतर म. दोन्ही वर्गांची अनुनासिकं आपापल्या जागी. वर्ग आत आहेत, फक्त त्यांच्यावरून एक अख्खी ओळ बाराखडीसारखी पसरलीय.

आणखी गंमत म्हणजे यादी लावताना ती टिंबं मोजत नाहीत. गने सुरू होणारं गाणं कच्याच भागात जातं, द तमध्ये, ब आणि प दोन्ही हमध्ये. म्हणजे शेवंतीताई, तुमच्या 'क-वर्गात' क आणि ग दोन्ही असणारच आहेत.

शेवंती
वा! हे काकांना वाचून दाखवते. पण खरी रडगाथा पुढेच आहे. त्या ओळींमध्ये ता, चि, त्सु, ते, तो असतात आणि हा, हि, फु, हे, हो. परवा एका आजोबांना 'फुरुसातो' हवं होतं. १९१४चं शाळेतलं गाणं, सगळ्यांचं पाठ. आजोबा वहीत 'फ' शोधत बसले. फ नाहीच. ते हमध्ये. तसंच 'चि'चं गाणं तमध्ये आणि 'शि'चं समध्ये. मथळा 'ह-वर्ग' असो नाहीतर 'हची ओळ', फ तिथे सापडेल असं कुणाला वाटणार?

निंबोणी
मथळ्यातच पाचही अक्षरं लिहा. 'हा हि फु हे हो'. शब्दाची गरजच काय?

जुनाट
शब्दाची गरज काय, हे शब्दचर्चेत विचारताय.

माझं मत : भागाला 'पंक्ती' म्हणा आणि एकूण यादीला अकारविल्हे. 'वर्णानुक्रमे', 'अल्फाबेटिकली' वगैरे नको. अकारविल्हे हा आपला शब्द आहे, तो मरू देऊ नका.

मधलीसुट्टी
अकारविल्हे मी आयुष्यात फक्त सरकारी याद्यांवर वाचलाय. आणि 'विल्हे' म्हटलं की विल्हेवाट आठवते. सत्तर गाण्यांची विल्हेवाट!

जुनाट
विल्हेस लावणे म्हणजे नीट जागच्या जागी लावणे. विल्हेवाटीचा अर्थही मुळात व्यवस्था लावणे हाच. कचऱ्यापुरता तो नंतर उरला. शब्दाची अवनती झाली म्हणून शब्द टाकायचा?

पानसुपारी
विल्हे फारसी असावं. हवाले, विल्हे. ऐकून बघा.

जुनाट
ऐकून व्युत्पत्ती ठरत नाही.

पानसुपारी
मग 'अकार' तरी कुठे आहे? जपानी लोक आ म्हणतात, अ नव्हे. 'आकारविल्हे' म्हणावं लागेल.

बिवाकाठचा
हा मुद्दा गमतीचा वाटला तरी खरा आहे. जपानी आ तोंड उघडून, पण ऱ्हस्व. आपण काना दिला की मराठी माणूस तो ताणतो. पहिल्या वर्षी मी शेजारच्या पंचेचाळिशीच्या बाईंना 'ओबासान' म्हणायला गेलो, म्हणजे मावशी-काकू. माझ्या मराठी कान्याने ते 'ओबाआसान' झालं, म्हणजे आजी. त्यांनी दोन महिने माझ्याकडे पाहिलं नाही.

शेवंती
आमच्याकडे दुसराच विनोद. क्रियापदांच्या एका गटाचं नाव गोदान, 'पाच दान'. दान म्हणजे तक्त्यातली आडवी रांग. उभी ती ग्यो. सेन्सेई फळ्याकडे वळून म्हणाल्या, "आज गोदान करू." मागच्या बाकावरून एक आजोबा म्हणाले, "इतक्यात नको."

मधलीसुट्टी
😂 वहीच्या पहिल्या पानावर छापा हे.

निंबोणी
मला वेगळंच विचारायचंय. परदेशात गाजलेलं ते 'सुकियाकी' तुमच्या वहीत कुठे? सच्या ओळीत?

शेवंती
नाही, आच्या ओळीत. 'उए ओ मुइते आरुको' हे त्याचं खरं नाव, 'वर बघत चालू या'. १९६१चं. अमेरिकेत १९६३च्या जूनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं ते त्या खाद्यपदार्थाच्या नावाने. गाण्यात सुकियाकीचा घासही नाही. मी 'सा'त नुसती एक ओळ दिलीय, 'उए पाहा'.

जुनाट
'टोकियो'ने सुरू होणारी गाणी कुठे लावलीत? हे विचारायला हवं. जपानीत ट नाही. तोक्यो लिहा, तच्या पंक्तीत.

मधलीसुट्टी
माणूस टोकियो म्हणतो, सगळी वर्तमानपत्रं टोकियो छापतात. तुमची अकारविल्हे लोकांसाठी आहे की वर्णमालेसाठी?

जुनाट
त्याच न्यायाने सरकारी नोकरीत गट अ, ब, क, ड झालेत. अनंतर ब, बनंतर क! ए बी सी डी देवनागरीत घातली आणि आपल्याला खटकतही नाही. जपान्यांनी आपला क्रम हजार वर्षं जपला, आपण एका शतकात अ-ब-क केला.

बिवाकाठचा
जपान्यांनाही फार डोक्यावर घेऊ नका. त्यांचा दुसरा क्रम आहे, इरोहा. प्रत्येक अक्षर एकदाच येईल अशी जुनी कविता, ४७ अक्षरांची. कलमं, परिच्छेद मोजायला 'इ, रो, हा' अजून चालतं. संगीतातल्या स्वरांची नावंही तीच : इंग्रजी ए म्हणजे इ, बी म्हणजे रो, सी म्हणजे हा. तुमच्या पेटीवाल्यांना सांगा, तिकडचा 'हा' म्हणजे आपली पांढरी एक.

आणि पहिल्या अक्षराचाच विषय आहे तर इथला कारुता हा पत्त्यांचा खेळ सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'उता' म्हणजे गाणंही आणि कविताही. शंभर कवींच्या शंभर उता, त्यांना शीर्षकं नाहीत, त्यामुळे पहिली अक्षरं हीच ओळख. आपल्याकडे अभंग पहिल्या चरणावरून शोधतात तसं. वाचणारा सुरुवात म्हणतो, खेळणारे जमिनीवर मांडलेल्या पत्त्यांतून उत्तरार्ध उडवतात. 'आ'ने सुरू होणाऱ्या १६ आहेत, 'ना'च्या ८. पण मु, सु, मे, फु, सा, हो, से या सात अक्षरांची एकेकच. तिथे पहिलं अक्षर कानावर पडताच हात गेला पाहिजे. या अक्षराला किमारिजी म्हणतात, जिथे कविता ठरते ते. जानेवारीत आमच्या ओत्सूतल्या ओमी देवळात याचे अंतिम सामने होतात. पोरं झेप घेतात अक्षरशः.

पानसुपारी
किमारिजीला मराठी : ठरअक्षर.

जुनाट
नको. निर्णायकाक्षर.

पानसुपारी
तुमचा शब्द म्हणून होईपर्यंत पत्ता दुसऱ्याने उडवलेला असेल.

निंबोणी
म्हणजे भेंड्याच की! आपल्याकडे शेवटचं अक्षर, तिकडे पहिलं.

बिवाकाठचा
शेवटच्या अक्षराचाही खेळ आहे, शिरितोरी. नुसत्या शब्दांचा. न्ने संपणारा शब्द दिला की तुम्ही बाद, कारण न्ने सुरू होणारा शब्दच नाही.

मधलीसुट्टी
आमच्याकडे ळ आला की मामा 'ल चालेल' म्हणायचा आणि आजी 'नाही चालणार'. त्यावरून एकदा जेवणं राहिली होती.

जुनाट
भेंड्या हा शब्द मात्र शंभर टक्के आपला. अंताक्षरी नंतर दूरचित्रवाणीने घरोघरी नेली.

निंबोणी
अंताक्षरी संस्कृत आहे की! तुम्हाला तर आवडायला हवी.

शेवंती
मंडळी, वही उद्या सकाळी झेरॉक्सला द्यायची आहे. मथळ्याचं कुणी सांगेल का? तूर्त मी निंबोणी म्हणतात तसं 'हा हि फु हे हो' लिहून वर बारीक अक्षरात 'हची पंक्ती' टाकलंय. काकांना पंक्ती म्हटलं की जेवण आठवतं.

मधलीसुट्टी
भेंडी लागली की मोजायचे एक ते दहा. आम्ही दहा म्हणेपर्यंत मामा आत जाऊन गाणं विचारून यायचा.

पानसुपारी
भेंडी लागत नाही, चढते. 'तुमच्यावर भेंडी चढली.'

मधलीसुट्टी
कुठे? आमच्या नगरला लागतेच.

जुनाट
चढते हे बरोबर.

पानसुपारी
पहिल्यांदाच तुमचं-माझं जमलं.

निंबोणी
विदर्भात काय म्हणतात? तिकडचं कुणी आहे का?